ख्वाब, ताबीर आणि डबल बेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत स्वप्न ‘पडतं’. पाऊस पडतो, ऊन पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो, तसंच स्वप्न पडतं. आपण त्यात काही करत नाही. ते येतं आणि आपल्यावर पडतं. आमच्या घरात बोलली जाते ती दखनी. तिच्यात ख्वाब पडत नाही. तिथे म्हणतात, ‘ख्वाब देखा’. म्हणजे तिथे पाहणारा कुणीतरी आहे आणि त्याच्यासमोर पाहण्याजोगं काहीतरी आहे. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं. एका घरात सकाळी उठून म्हणतात, काल मला स्वप्न पडलं. दुसऱ्या घरात म्हणतात, कल रात मैं ख्वाब देखी. रात्र एकच, पण भाषा बदलली की झोपलेल्या माणसाची जागाच बदलते.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. त्यामुळे कविसंमेलनानंतर चहा पिताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘तुम्हाला स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात हो?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कौतुक असतं. कधी कधी थोडी तपासणीही असते. पण प्रश्न मुळात चांगला आहे. कारण त्यात दुसरा, मोठा प्रश्न दडलेला आहे. जागेपणी आपण ज्या खुणांनी विचार करतो, त्याच खुणा झोपेतही चालतात का? आणि चालत असतील, तर त्यांचा अर्थ कोण ठरवतं? आज आपल्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी जागेपणाचं बघू. मी बी.ए. झालो आणि एस.टी.त कंडक्टर म्हणून लागलो. कंडक्टरचं सगळं काम खुणांवर चालतं. दोरी ओढून एक बेल दिली की गाडी थांबते. दोन दिल्या की निघते. आता एका ठोक्यात ‘थांबणं’ कुठे आहे आणि दोन ठोक्यांत ‘निघणं’ कुठे आहे? कुठेच नाही. उद्या सगळ्यांनी मिळून उलटं ठरवलं, तर उलटं चालेल. फक्त ते ड्रायव्हरला आणि कंडक्टरला, दोघांनाही ठाऊक हवं. फर्दिनांद द सोस्यूर नावाच्या स्विस भाषाशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट शब्दांबद्दल सांगितली. त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली पुस्तकरूपाने छापली. ‘झाड’ या आवाजात झाडासारखं काही नाही, आपण सगळ्यांनी ते मान्य केलंय एवढंच, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा.

पण सगळ्या खुणा बेलसारख्या नसतात. अमेरिकेत चार्ल्स पर्स नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने खुणांचे तीन प्रकार सांगितले. पहिला प्रकार सारखेपणाचा. बसस्थानकात स्वच्छतागृहाच्या दारावर बाईचं चित्र असतं, ते बाईसारखं दिसतं म्हणून कळतं. दुसरा प्रकार संबंधाचा. धूर दिसला की विस्तव असणार. आपल्या न्यायशास्त्राचं तर हे आवडतं उदाहरण आहे. आणि तिसरा प्रकार संकेताचा, म्हणजे आपली बेल आणि आपले शब्द. कंडक्टर दिवसभरात तिन्ही वापरतो. वरच्या घाटातून येणाऱ्या गाडीचं टप ओलं दिसलं, की तिकडे पाऊस आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी यावर फार बारकाईने विचार केलेला आहे. शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती ती अभिधा. सरळ अर्थ बसत नाही तेव्हा शेजारचा अर्थ देणारी ती लक्षणा. आणि या दोन्हींच्या पलीकडचं सुचवणारी ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि काव्याचा प्राण या सुचवण्यात आहे असं मांडलं. लक्षणेचं शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे गंगेवर असलेला गवळीवाडा. प्रवाहावर वाडा कसा असेल? म्हणून आपण समजून घेतो, काठावर. मला मात्र लक्षणा कळायला गंगेपर्यंत जावं लागलं नाही. ‘चला, बार्शी आली’ असं मी रोज ओरडत होतो. बार्शी कुठे आली? ती होती तिथेच होती, आलो आपण. ‘मागच्या सीटवरचा हाफ झोपलाय, त्याला उठवा’ असं म्हटल्यावर कुणाला हसू येत नाही. सगळ्यांना कळतं की हाफ म्हणजे तिकीट नव्हे, ते तिकीट काढलेलं पोर.

म्हणजे जागेपणीही आपण सरळ अर्थावर फार थोडा वेळ उभे असतो. सारखे शेजारच्या अर्थावर उड्या मारत असतो. फरक इतकाच की जागेपणी या उड्यांना राखणदार असतो. ड्रायव्हर असतो, प्रवासी असतात, चुकीची बेल दिली तर ओरडणारं कुणीतरी असतं. झोपेत तो राखणदार सुटीवर जातो.

खेड्यात मुक्कामी जाणाऱ्या गाडीला आम्ही वस्तीची गाडी म्हणतो. रात्री नवाला गाडी गावात पोचायची, सकाळी सहाला परत निघायची. मधली रात्र गाडीतच, सीटवर नाहीतर टपावर. एकदा कार्तिकाच्या दिवसांत पहाटे देवळात काकडआरती सुरू झाली. मला ती घंटा ऐकू आली ती स्वप्नात, डबल बेल म्हणून. गाडी निघाली, आत माणसं खचाखच भरलेली, मी तिकिटं फाडतोय आणि रस्ता गव्हाच्या शेतातून चाललाय. ड्रायव्हरने नंतर सांगितलं, की मी झोपेतच स्पष्ट म्हणालो, ‘जाऊ द्या!’ आता बघा, घंटा खरी होती. तिचा ‘निघा’ हा अर्थही माझ्या नोकरीतला, खरा होता. फक्त देवळातली खूण नोकरीच्या अर्थाला जाऊन चिकटली. आणि लगेच त्या अर्थाला शोभेल असं सगळं जग तयार झालं. जागेपणी वस्तू आधी असते आणि खूण तिच्या मागून येते. स्वप्नात खूण आधी येते, मग तिच्यासाठी वस्तू उभ्या राहतात.

सिग्मंड फ्रॉइडने हेच काम उलगडून पाहिलं. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर आलं, पण प्रकाशकाने त्यावर साल घातलं १९००. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली. आपल्या कवितासंग्रहांची आठवण व्हावी असाच हा खप. फ्रॉइडचं म्हणणं असं, की स्वप्न मनातल्या दडलेल्या इच्छेला वेष बदलून बाहेर काढतं. हा वेष बदलण्याच्या दोन मुख्य तऱ्हा त्याने सांगितल्या. एक, अनेक गोष्टी दाबून एकात बसवणं. चेहरा वडलांचा, आवाज मास्तरांचा आणि घर मामाचं, असा एकच माणूस स्वप्नात दिसतो ना, ते हे. दुसरी, जोर सरकवणं. ज्याची खरी भीती आहे ते कोपऱ्यात ठेवायचं आणि एखाद्या फुटक्या कपाकडे सगळी काळजी वळवायची. पुढे १९५६ साली रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने वाचा गेलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडताना दाखवलं, की भाषाही दोनच रस्त्यांनी चालते. एक सारखेपणाचा, दुसरा शेजाराचा. १९५७ मध्ये झाक लाकां याने हे दोन धागे जोडले आणि म्हटलं, की दाबून बसवणं म्हणजे रूपक आणि सरकवणं म्हणजे लक्षणा. कवीच्या दुकानात जो माल, तोच स्वप्नाच्या दुकानात.

फ्रॉइडचा सगळा सिद्धांत आज कुणी जसाच्या तसा मानत नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे तर आपल्या आयाबायांना त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. पण त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाच चिन्हाचा सगळ्यांसाठी एकच अर्थ, असं साधारणपणे मानू नका, ज्याचं स्वप्न त्यालाच विचारा, यावर त्याचा भर होता. आपल्याकडे बसस्थानकाबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पंचांगाशेजारी ‘स्वप्नफल’ असतं, ‘ख्वाबनामा’ही असतो. दात पडला तर हे, साप दिसला तर ते. म्हणजे स्वप्नालाही एक आणि दोन बेलचा नियम लावायचा. पण स्वप्नात तो नियम ज्याने कबूल करायचा, तो ड्रायव्हरच नसतो.

गंमत अशी, की ज्यांच्या नावावर हे ख्वाबनामे खपतात, त्या इब्न सीरीन यांची गोष्ट नेमकी उलटी सांगितली जाते. ते इराकातल्या बसरा शहरातले, सन ७२९ मध्ये वारले. त्यांच्याकडे दोन माणसं आली, दोघांचं स्वप्न एकच. मी अजान देतोय. एकाला ते म्हणाले, तू हजला जाशील. दुसऱ्याला म्हणाले, तू चोरीत धरला जाशील. शिष्यांनी विचारलं, हे कसं? ते म्हणाले, पहिल्याच्या चेहऱ्यावर मला नेकी दिसली, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसली नाही. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, तिच्यातलं शहाणपण पक्कं आहे. खुणेचा अर्थ नुसता खुणेत नसतो, ती कुणाची आहे यातही असतो.

विज्ञानाने याच्या पुढची वाट काढली. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि त्या वेळी उठवलं तर माणसं बहुधा स्वप्न सांगतात. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असा जातो. स्वप्नं इतर वेळीही पडतात, पण या वेळची जास्त रंगीत, जास्त लांब असतात. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडलं, की मेंदूच्या तळाकडून अचानक उसळ्या येतात आणि वरचा मेंदू त्यांना जमेल तशी गोष्ट लावून देतो. या झोपेत मेंदूचा पुढचा एक भाग, जो तपासतो, शंका घेतो, मंदावलेला असतो, असं पुढे मेंदूच्या चित्रांवरून दिसलं. गाडी गव्हाच्या शेतातून चालली तरी कंडक्टरला नवल का वाटत नाही, याचं उत्तर बहुधा तिथे आहे. माझा सुटीवर गेलेला राखणदार तो हाच.

आणि अगदी अलीकडचं सांगतो. काही लोकांना स्वप्नातच कळतं, की हे स्वप्न आहे. अशा छत्तीस माणसांवर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी मिळून प्रयोग केले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस झोपेत असताना त्याला साधी वजाबाकी विचारायची. आठातून सहा गेले, किती? त्याने डोळे आधी ठरवलेल्या पद्धतीने तितक्या वेळा फिरवून उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं पाचात एकाहूनही कमी वेळा आली, पण आली. एकाने नंतर सांगितलं, की तो प्रश्न त्याला स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून ऐकू आला. श्रोतेहो, त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की डोळे फिरवण्याचा संकेत जागेपणी ठरला होता. दोन्ही काठांवरची माणसं आधी बोलून ठेवतात तेव्हाच अलीकडची खूण पलीकडे पोचते.

आधी बोललेलं नसेल तर काय होतं, त्याची एक गोष्ट ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने स्वतः सांगून ठेवली आहे. ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात होते. १९२० साली ईस्टरच्या आदल्या रात्री ते झोपेतून उठले, डोक्यात आलेलं चिठोऱ्यावर उतरवलं आणि पुन्हा झोपले. सकाळी त्यांना आठवलं, की रात्री काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय. चिठोरा पाहिला तर स्वतःचंच अक्षर लागेना! अख्खा दिवस त्यांनी डोकं खाजवलं. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली. या वेळी त्यांनी कागद शोधला नाही. ते उठले आणि सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाची मज्जा चेतवली, त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर त्याचेही ठोके मंदावले. मज्जातंतू आपला निरोप रसायनाने पोचवतात, याचा तो पुरावा ठरला. त्यांना १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. रात्रीच्या लिपीचा अर्थ दिवसा लागला नाही. तो लागला हाताने काम केल्यावर.

इथे मला आमच्या घरातला एक शब्द आठवतो, ताबीर. ताबीर म्हणजे स्वप्नाचा अर्थ लावणं. हा अरबी शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ पार होणं, एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणं. त्याच धातूपासून इबारत, म्हणजे लिहिलेला मजकूर, आणि इबरत, म्हणजे घेतलेला धडा. मराठीत ‘अर्थ’ या शब्दाला पैसा आणि हेतू चिकटलेले आहेत, अरबीत नदी आणि नाव. माझी अम्मा शाळेत गेली नव्हती, पण तिला हे तिच्या परीने माहीत होतं. ती म्हणायची, ‘ख्वाब किसकू बोलना, सोच के बोलना.’ न सांगितलेलं स्वप्न पाखराच्या पायाला बांधलेलं असतं, कुणी अर्थ लावला की ते खाली पडतं, अशी आमच्याकडची जुनी समजूत. म्हणून आपलं भलं चिंतणाऱ्यालाच ते सांगावं.

अब्बा शिलाईकाम करायचे. १९९६ साली ते गेले. त्यानंतर वर्षभराने बहिणीचा निकाह ठरला, पत्रिका छापून आल्या आणि अम्माला ख्वाब दिसलं. अब्बा मशीनवर बसलेत, सुईत दोरा ओवतायत आणि तो काही केल्या जात नाही. सकाळी तिने ते सांगितलं तेव्हा नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई घरात होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, दोरा म्हणजे नातं, हे नातं जुळणार नाही असं मरहूम सांगतायत, तारीख पुढे ढकला. घर एकदम गप्प झालं. बहीण चुलीपाशी होती, तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. आमच्यासारख्या घरात एकदा ढकललेली तारीख परत येत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अम्मा थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘उनकू सुई दिखती नै. चश्मा तो मेरी पेटी में पडा है.’ ती उठली, पेटी उघडली, अब्बांचा चष्मा काढला आणि शेजारच्या माळकरी आजींना देऊन आली. त्या आजींना हरिपाठाची अक्षरं दिसेनाशी झाली होती आणि नवा चष्मा करायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांनी तो डोळ्यांना लावून पाहिला, नंबर बराचसा जुळला. निकाह ठरल्या दिवशी झाला.

पुष्कळ वर्षांनी याकबसनबद्दल वाचताना मला ती सकाळ कळली. त्या बाईंनी अर्थ लावला तो सारखेपणाने, दोरा म्हणजे नातं. अम्माने लावला तो शेजाराने. सुईशेजारी डोळा, डोळ्याशेजारी चष्मा. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ शक्य. खरा कुठला, हे अब्बांना विचारायची सोय नव्हती. पण एका अर्थाने एका मुलीचं घर मोडणार होतं आणि दुसऱ्याने एका म्हातारीला अक्षरं दिसणार होती. पर्सनेही शेवटी असंच काहीसं म्हटलं आहे. खुणेचा अर्थ शब्दांत संपत नाही, ती खूण पाहून आपण पुढे कसं वागतो तिथे तो पुरा होतो.

आपल्या परंपरेतली मोठी स्वप्नं या कसोटीवर पाहा. नामदेव विठ्ठलाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता कर म्हणाले, असं तुकोबांनी स्वतः सांगितलंय. पण त्याची ताबीर कशात? त्यांनी अभंग लिहिले त्यात. तुकोबांनी शिऊरच्या बहिणाबाईंवर स्वप्नात अनुग्रह केला. त्याची ताबीर त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात आणि लिहिण्यात. आपल्याकडे सांगतात त्या कथेतला हरिश्चंद्र स्वप्नात दिलेलं दान जागेपणी पुरं करतो. कुराणातल्या बाराव्या अध्यायात यूसुफांची कथा आहे. राजाच्या स्वप्नात सात धष्टपुष्ट गाई येतात, त्यांना सात रोड गाई खाऊन टाकतात. सात हिरवी कणसं आणि तितकीच वाळलेली. यूसुफ नुसता अर्थ सांगून थांबत नाहीत. सात वर्षं पिकेल तेव्हा खाण्यापुरतं काढा, बाकी धान्य कणसातच राखून ठेवा, असा सल्ला देतात. म्हणजे ताबीर सांगता सांगता ते दुष्काळाची योजना आखतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यात १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना ही कथा कुणी समजावून द्यावी लागत नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. स्वप्नाने वागायला लावलं म्हणून ते वागणं चांगलंच असतं असं नाही. स्वप्नात गुप्तधन दिसलं म्हणून घरात खड्डे खणले गेलेत, आणि त्यापायी माणसाच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा गोष्टींविरुद्ध वर्षानुवर्षं कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्यं त्यात गुन्हा ठरली आहेत. माझ्या लेखी हा कायदा स्वप्नांच्या विरुद्ध नाही. दुसऱ्याच्या गळ्यावर लावलेल्या अर्थाच्या विरुद्ध आहे. स्वप्न दाखला म्हणून पुढे आलं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर तिथे जागेपणाचा राखणदार हवाच. त्याने दोरी ओढून एक बेल द्यायलाच हवी.

आता त्या कविसंमेलनातल्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्या स्वप्नांत भाषा असते, पण ती कुणाची अडवणूक करत नाही. अब्बा स्वप्नात मराठी बोलतात, शाळेतले गुरुजी दखनी बोलतात, आणि दोघांचंही मला कळतं. पाटीवर ‘पंढरपूर’ असतं, पुन्हा पाहावं तर दुसरंच गाव. पुष्कळांचा हाच अनुभव आहे, की स्वप्नातली अक्षरं एका जागी टिकत नाहीत. भाषा निवडावी लागते ती सकाळी, कुणाला तरी सांगताना. अम्माला सांगितलं तेव्हा ते ख्वाब होतं. कागदावर उतरवलं तेव्हा ते स्वप्न झालं. मी मराठीत लिहितो, कारण माझ्या गाडीतले प्रवासी मराठी होते, माझ्या खुणा त्यांच्याशी ठरल्या होत्या. कविता म्हणजे तरी काय? झोपेच्या मोकळेपणाने खुणा जोडायच्या आणि जागेपणाच्या शिस्तीने त्या दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. पहिलं नसेल तर ते नुसतं वेळापत्रक होतं. दुसरं नसेल तर लोवींचा चिठोरा.

शेवटी एकच विनंती. उद्या सकाळी घरातलं एखादं लेकरू डोळे चोळत येईल आणि म्हणेल, मला स्वप्न पडलं. घाईत असलो तर आपण म्हणतो, ‘काही नसतं रे, दात घास जा.’ घाबरट असलो तर पंचांग काढतो. दोन्ही करू नका. त्याला आधी पुरतं सांगू द्या. मग विचारा, ‘तुला काय वाटलं?’ त्याच्या स्वप्नाचा पहिला जाणकार तोच आहे. आणि तुम्हाला त्याचा अर्थ सांगावासा वाटलाच, तर असा सांगा, की तो ऐकून त्या लेकराला घराबाहेर पडायला बळ येईल.